दुसरी बादली

पळसदेवला पाणी शोधायला लांब जावं लागत नाही. गावाला लागूनच उजनीचा फुगवटा आहे. थंडीत भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि धरण फार आटलं की पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ पाण्याबाहेर येतं. 1980 साली धरण पूर्ण झालं, 117 टीएमसीचा यशवंतसागर पसरला, जुनं पळसदेव त्याच्या पोटात गेलं आणि नवं गाव पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसलं. अशा पाणकाठच्या गावातही घरात इसबाचं लेकरू असलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला: साबण कोणता आणू?

उत्तर सोपं आहे आणि फुकटाचं आहे. साबण कोणता यापेक्षा धुतल्यावर तो कपड्यात किती उरतो, हे पोराच्या कातडीला जास्त कळतं. उरलेला साबण काढायला महाग बाटली लागत नाही. थोडं गणित लागतं आणि पिळायला दोन हात. त्या गणिताकडे जाताना वाटेत बऱ्याच मजेदार गोष्टी भेटतात. त्याही घेत जाऊ.

सामू फक्त मातीचा नसतो

शेतकऱ्याला सामू समजावून सांगायला नको. माती परीक्षणाच्या कागदावर तो असतो. साडेआठच्या पुढे गेला की जमीन चोपण होत चालली हे ओळखायचं. माणसाच्या कातडीलाही सामू असतो. तो पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. साबणाच्या वडीचं पाणी 9 ते 10 च्या घरात जातं, धुण्याच्या सोड्याचं 11 पर्यंत.

धडधाकट कातडी हा धक्का काही वेळात पचवते. इसबाच्या कातडीचा बाहेरचा थरच कच्चा असतो. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की इसब असलेल्या बऱ्याच जणांमध्ये फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. हे प्रथिन कातडीचा थर घट्ट बांधतं, आणि त्याच्या विघटनातून निघणारे पदार्थ तिचा ओलावा आणि आंबटपणा राखतात. ते कमी पडलं की ओल बाहेर जाते आणि नको ते आत शिरतं. कपड्यात उरलेला साबण घामात विरघळतो आणि मान, कोपराची लवण, गुडघ्यामागची घडी अशा जागी जाऊन बसतो. खाज तिथेच उठते.

फेस येईना, साबण सरेना

शाळेच्या पुस्तकात आपण दुष्फेन पाणी शिकलो. इंदापूर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर, बोअरच्या पाण्यात ते रोज हाताला लागतं. साबण घासून हात दुखतात, फेस मात्र येत नाही. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्ध आम्लाला पकडतं आणि त्याचा न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी करडी चिकट रेघ उरते, ती हाच साका. तो सुताच्या धाग्यांतही अडकतो. कापड कडक, फिकट आणि ओशट लागायला लागतं, आणि मग आपण आणखी साबण लावतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. ग्रामपंचायतीकडे पाण्याचा तपासणी अहवाल असतो, त्यात हा आकडा मिळतो. विचारायला हरकत नाही, तो आपलाच कागद आहे.

अहवाल हाती नसेल तर घरची परीक्षा घ्या. साध्या साबणाचा कीस थोड्या कोमट पाण्यात विरघळवा. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरा, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा जारचं. दोन्हींत साबणाचे सारखे थेंब टाकून हलवा. जिथे फेस टिकतो ते सुफेन, जिथे पाणी गढूळ होऊन फेस विझतो ते दुष्फेन. थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात साबणाच्या याच हिशेबावर पाणी मोजायची रीत बसवली होती. ही परीक्षा साबणाच्या वडीनेच करायची. डिटर्जंट पावडर कठीण पाण्यातही फेसाळते, तिने उत्तर चुकेल.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. ‘नैसर्गिक’ साबणाची वडी सौम्य आणि डिटर्जंट वाईट, असा सरसकट समज आहे. बोअरच्या पाण्यात हिशेब उलटा होऊ शकतो. वडी साका सोडते. बिनवासाचं सौम्य द्रव डिटर्जंट सोडत नाही, त्यामुळे खळबळताना ते लवकर निघून जातं.

आणखी एक इशारा, पाणी जपणाऱ्या घरांसाठी. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून धुण्याला वापरतात. काटकसर चांगली आहे, पण त्या पाण्यात गाळून काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात. ते फरशीला वापरा, गाडीला वापरा. इसबाच्या लेकराच्या झबल्याला नको.

मशीन घ्यायची घाई नको

कठीण पाणी आणि इसब यांचा संबंध आहे का? 1998 साली नॉटिंगहॅमच्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कठीण पाण्याच्या भागातल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांत इसब जास्त आढळला. मग सगळ्यांना वाटलं, पाणी मृदू केलं की काम झालं. म्हणून इंग्लंडमध्ये 336 मुलांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्या घरांत पाणी मृदू करणारं यंत्र बसवलं. 2011 साली निकाल आला: 12 आठवड्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या इसबात फरक नव्हता.

तेव्हा हजारो रुपयांचं सॉफ्टनर हप्त्यावर घेण्याआधी थांबा. ते पैसे मलमाला आणि डॉक्टरांच्या फेरीला ठेवा.

गणित: तेच पाणी, तिप्पट स्वच्छ

आता मुख्य गोष्ट. समजा, पिळून काढलेल्या कपड्यांत एक लिटर साबणाचं पाणी उरलं आहे आणि खळबळायला तुमच्याकडे दहाच लिटर चांगलं पाणी आहे.

एकदम दहा लिटर घेऊन खळबळलं, तर एकूण अकरा लिटरमध्ये साबण पसरतो. पुन्हा तेवढंच पिळलं की कपड्यात अकरावा हिस्सा उरतो.

तेच दहा लिटर पाच-पाच करून दोनदा वापरलं, तर पहिल्या वेळी सहावा हिस्सा उरतो, दुसऱ्या वेळी त्याचाही सहावा. म्हणजे छत्तिसावा. पाण्याचा एक थेंब जास्त लागला नाही आणि उरलेला साबण तिपटीहून कमी झाला.

आणि दर वेळी जोर लावून पिळलं, कपड्यात एक लिटरऐवजी अर्धाच लिटर उरू दिला, तर? पहिल्या पिळणीत निम्मा साबण मोरीत गेला. उरलेला पाच लिटरच्या एकेका खळबळण्यात अकराव्या हिश्शावर येतो, दोनदा केलं की एकशेएकविसाव्या. प्रत्यक्षात थोडा साबण धाग्याला चिकटून बसतो, त्यामुळे आकडा कागदाइतका सुरेख येत नाही. दिशा मात्र हीच राहते. पिळण्याला पाण्याइतकीच किंमत आहे.

इंदापूर-बारामतीच्या जिरायती गावांना टँकरची सवय आहे. तिथे ‘भरपूर पाण्यात धुवा’ हा सल्ला देणारा माणूस कधी पाणी भरायला गेलेला नसतो. पाणी तेवढंच ठेवून बादल्या वाढवा, हे जमतं. लेकराचे कपडे घरच्या धुण्यातून बाजूला काढा, आधी तेच खळबळा, आणि ते उरलेलं पाणी बाकीच्या कपड्यांच्या पहिल्या खळबळण्याला वापरा. शेवटच्या पाच लिटरसाठी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी ठेवता आलं तर उत्तम. पहिल्या दोन-तीन सरींनी पत्रा धुऊन निघाला की पागोळ्यांचं पाणी अगदी सुफेन असतं.

मशीन असेल तर जादा खळबळण्याचं बटण दाबा आणि टब गच्च भरू नका. मशीनचा खरा फायदा गरगरा पिळण्यात आहे.

धरणाच्या काठावर?

उजनीत येणारं पाणी भीमेचं, आणि भीमेत मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन येतात. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, वास मारतं. शेवाळाच्या काही जाती कातडीला जळजळ आणणारे पदार्थ सोडतात. मोठ्यांच्या चादरी तिथे धुतल्या तरी लेकराच्या अंगाला लागणारं कापड घरच्या पाण्यात काढा.

फेस म्हणजे स्वच्छता?

नाही. मळ साबणाच्या रेणूंनी सुटतो, बुडबुड्यांनी नाही. समोरून दार असलेल्या मशीनच्या पावडरीत फेस मुद्दाम दाबणारे पदार्थ घालतात आणि कपडे तरीही निघतात. पावडर मोजून टाका, पाकिटावरच्या मापापेक्षा थोडी कमीच. लहान मुलाच्या कपड्यांवर घाम, दूध, धूळ आणि मलम असतं, ग्रीस नसतं.

पावडर नाहक बदनाम

अंगावर काही उठलं की पहिला संशय पावडरीवर. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 738 जणांची पट्टी-चाचणी घेतली आणि 2002 साली निष्कर्ष छापला: धुण्याच्या डिटर्जंटची खरी अॅलर्जी एक टक्क्याहूनही कमी लोकांत. अॅलर्जी वेगळी आणि चुरचुर वेगळी. चुरचुर कुणालाही होऊ शकते, आणि ती किती साबण उरला यावर ठरते. म्हणून दर महिन्याला पावडर बदलत बसण्यात अर्थ नाही. इसबाचा मूळ इलाज कातडीला दिवसातून दोनदा ओलावा देणारं मलम आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध हाच. धुणं त्याच्या मदतीला असतं.

सुगंध राहतो, कारण तो राहायलाच बनवलाय

कपडे मऊ करणारं जे सुवासिक पाणी शेवटच्या बादलीत टाकतात, त्याची करामत ही की ते खळबळून निघत नाही. त्यातले रेणू धन प्रभाराचे, ओल्या सुतावर ऋण प्रभार. दोघं चिकटतात आणि कापडावर मऊसर थर बसतो. ज्या घरात सगळी धडपड काहीच उरू नये म्हणून चालली आहे, तिथे मुद्दाम उरणारी वस्तू शेवटी टाकायची, हे मला पटत नाही.

सुगंधी द्रव्यं ही संपर्कातून होणाऱ्या अॅलर्जीची नेहमीची कारणं आहेत. आणि पातळ उत्पादनांत टिकाऊपणासाठी घालतात ते मेथिलआयसोथायझोलिनोन 2013 साली अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेने ‘वर्षातलं अॅलर्जीकारक’ म्हणून जाहीर केलं होतं. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचताना हे लांबलचक नाव दिसलं तर बाटली परत ठेवा. ‘बेबी’ लिहिलेल्या बाटलीतही वास असतो. लेबलावर बाळाचं चित्र आहे म्हणून ती बिनवासाची होत नाही.

विकरांची भीती

पावडरीतली विकरं कातडी खातात, असं ऐकलं असेल. 1913 मध्ये जर्मनीत ओटो रोम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातली विकरं धुण्यासाठी वापरायचं पेटंट काढलं, तेव्हापासून ती धुण्यात आहेत. पुढे इसबाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. विकरं असलेल्या आणि नसलेल्या पावडरीत कातडीला फरक पडला नाही. उलट विकरांमुळे साध्या पाण्यातही डाग निघतात, कमी पावडर पुरते आणि चोळणं वाचतं.

पांढऱ्याहून पांढरं

टिनोपॉल आठवतंय? कपडा उन्हात निळसर चमकवणारं. त्याचा जन्म झाडाच्या सालीतून झाला. 1929 साली जर्मनीत पॉल क्राइस यांना दिसलं की हॉर्स चेस्टनट या झाडाच्या अर्कात बुडवलेलं कापड उजळ दिसतं, कारण त्यातलं द्रव्य डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेऊन निळा प्रकाश परत देतं. आज बहुतेक पावडरींत असे चमकदायक पदार्थ आधीच मिसळलेले असतात. ते मळ काढत नाहीत आणि धाग्यावर टिकून राहतात. त्यांची अॅलर्जी क्वचितच होते. पण लेकराचा बनियन दुधासारखा पांढरा दिसण्याने त्याची झोप सुधारत नाही. थोडा पिवळसर राहू द्या.

रिठ्याचं पाणी

आजीच्या काळची पैठणी आणि शाल रिठ्यात धुतली जायची, ती उगाच नाही. रिठ्यातलं सॅपोनिन फेस करतं, पण ते साबण नाही, म्हणून दुष्फेन पाण्यात साका धरत नाही. त्याचं पाणी किंचित आंबटच असतं. बिया काढून साली रात्रभर भिजवा, उकळा, गाळा आणि त्याच दिवशी वापरा, कारण ते लवकर आंबतं. पांढऱ्या कपड्यावर तपकिरी झाक येऊ शकते.

एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. रिठा डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो, आणि इसब बरा होतो असं काही तो करत नाही. त्याचं पाणीही पुरतं खळबळून काढायचं. रानातून आलं म्हणून ते कातडीला चालेलच असं नसतं. याचा सगळ्यात जोरदार पुरावा पुढच्या गोष्टीत आहे.

परिटाचा बिब्बा आणि गोऱ्या सैनिकांची मान

गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांत परीट होता. दहा घरांचं धुणं एकत्र आल्यावर कुणाचं धोतर कुणाचं, हे ओळखायला तो कपड्याच्या कोपऱ्यात किंवा मानेच्या पट्टीवर बिब्ब्याच्या काळ्या तेलाने खूण करायचा. ही शाई उकळून, आपटून, उन्हात टाकूनही जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेमागे, कमरेला अचानक छोटे खाजरे, पाणी सुटणारे चट्टे उठायला लागले. डॉक्टरांनी जागा जुळवल्या. चट्टा जिथे, तिथेच शर्टावर किंवा चड्डीवर धोब्याची खूण. 1943 साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात हा ‘धोबी खुणेचा त्वचादाह’ नोंदवला गेला. बिब्बा आंबा-काजूच्या कुळातला, आणि त्याच कुळात अमेरिकेतली कुप्रसिद्ध विषवेल पॉयझन आयव्ही येते. तिच्या चिकाची अॅलर्जी घेऊनच ते सैनिक इथे उतरले होते. बिब्ब्याचा चीक रसायनाने तिचा जवळचा नातेवाईक निघाला.

आपल्याकडे शनिवारी दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा टांगतात, तिथे तो असू दे. दृष्ट लागू नये म्हणून तो बाळाच्या अंगाला बांधायचा किंवा इसबावर ‘जाळायला’ लावायचा प्रकार मात्र घातक आहे. कातडी भाजते, डाग राहतो, आणि इसबाची कातडी तर आधीच उघडी असते. वडीलधाऱ्यांना हे आदराने पण ठामपणे सांगा: आजी, दारात बांधा, पोराला नको.

ब्लीच आणि चड्डीचं इलॅस्टिक

कमरेच्या इलॅस्टिकच्या रेघेवरच पुरळ उठतं आणि कारण सापडत नाही. 1975 साली अमेरिकेत दोन संशोधकांनी ते शोधलं. इलॅस्टिकच्या रबरातलं एक निरुपद्रवी रसायन धुण्यातल्या क्लोरीन ब्लीचने बदलून अॅलर्जी आणणारं नवं रसायन तयार होत होतं. लेकराच्या आतल्या कपड्यांना ब्लीच लावूच नका. जुन्या, विटलेल्या इलॅस्टिकच्या जागी सुती नाडी घाला. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर तर कधीच मिसळायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

वलणीखाली काय उगवलंय?

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, भारतात ठळकपणे पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यात, 1955 च्या सुमारास. त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाची 1974 सालची गाजलेली नोंदही पुण्याचीच. त्या लेखाचे पहिले लेखक डॉ. लोणकर. पानांवरच्या बारीक लवेत आणि फुलोऱ्यात पार्थेनिन नावाचं अॅलर्जी आणणारं द्रव्य असतं आणि ते वाऱ्याबरोबर उडतं. त्रास होणारे बहुतेक मोठे, शेतात राबणारे लोक असतात. तरीही ओला कपडा उडतं ते सगळं धरून ठेवतो. परड्यातल्या वलणीखालचं गाजर गवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. कुंपणाच्या झुडपावर कपडे पसरणं बंद करा.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक भर. गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी आणि पेटवलेल्या पाचटाची काळी राख वलणीवर उतरते. ती झटकली की फराटा उठतो. त्या दिवसांत लेकराचे कपडे पडवीत वाळवा.

उन्हात वाळलेला टॉवेल काठीसारखा ताठ का होतो? सगळा दोष साबणाचा नाही. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठ आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की वाळलेल्या सुतावर पाण्याचा अतिसूक्ष्म अंश उरतो आणि तोच धाग्यांना एकमेकांशी डिंकासारखा चिकटवतो. उपाय हातातला आहे: वाळत घालण्याआधी जोरात झटका, वाळल्यावर दोन्ही तळव्यांत चोळा. ही घट्ट पकड तेवढ्याने सुटते.

घोंगडी, मेरिनो आणि गोधडी

घोंगडी टोचते, ती अॅलर्जीमुळे नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. सुमारे 30 मायक्रॉनहून जाड धाग्याचं टोक सहज वाकत नाही आणि कातडीतल्या मज्जातंतूंना टोचतं. ऑस्ट्रेलियात इसबाच्या बाळांना अतिबारीक मेरिनो लोकरीचे कपडे घालून पाहिले, तर त्यांचा त्रास वाढला नाही, कमीच झाला. तिथली बारीक लोकर आपल्या बाजारात महाग. धनगराची घोंगडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाऊस-थंडी अडवत आली आहे. लेकराला पांघरायची तर खाली सुती चादर घाला.

गोधडीचं वेगळं. तिच्या घड्यांत आपल्याच कातडीच्या भुकटीवर जगणारे धुळीतले सूक्ष्म कीटक असतात. घटस्थापनेआधी ‘दसरा काढताना’ गावोगाव सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतली जातात, ती चांगली रीत आहे, पण वर्षातून एकदाच होते. हे कीटक 60 अंश सेल्सियसच्या पाण्यात मरतात. एवढी जाड वस्तू तापवून धुणं अवघड. मग ऊन आहेच. 1994 साली ऑस्ट्रेलियात सिद्ध झालं की गालिचा थेट कडक उन्हात टाकला की त्यातले कीटक मरतात. इंदापूरचं एप्रिल-मे महिन्यांतलं ऊन या कामाला भरपूर आहे. गोधडी पालथी करून दोन्ही बाजू तापवा, मग दूर नेऊन झोडपा, लेकरू घरात असताना. अंगाशी येणारी सुती खोळ मात्र दर आठवड्याला धुवा.

जुन्या लुगड्याचं झबलं

नवं कापड कडक असतं ते कांजीमुळे आणि सुरकुत्या न पडण्यासाठी केलेल्या रासायनिक प्रक्रियेमुळे, आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइड असू शकतं. आजीच्या जुन्या लुगड्यातून किंवा आजोबांच्या धोतरातून बाळाचं झबलं, दुपटं शिवायची पद्धत म्हणूनच सुज्ञ होती: शेकडो धुण्यांत सगळं निघून गेलेलं, धागा मऊ झालेला. नवा गणवेश असेल तर पहिल्या घालण्याआधी दोनदा धुवा, आत सुती बनियन द्या, मानेमागचं लेबल उसवून काढा. आतल्या कपड्याचाच सांधा टोचत असेल तर तो उलटा घालायला काही हरकत नाही.

मलम लागलेला कपडा आणि चूल

ही सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. ओलावा देणारं मलम कपड्यात मुरतं. वाळलेल्या मलमाचा कपडा ठिणगीने चटकन आणि जोरात पेटतो. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2018 साली ताकीद दिली की हा धोका पॅराफिन असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या मलमांत आहे, आणि कपडे धुतले तरी तो पूर्ण जात नाही. मलम थांबवायचं नाही. लेकराला चूल, शेगडी, पणती, फुलबाजी यांच्यापासून लांब ठेवायचं, मलमाचे कपडे वेगळे ठेवायचे, आणि दिवाळीत त्याला नीट धुतलेला, अंगाबरोबर बसणारा कपडा घालायचा. धुताना कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. थंड पाण्यात मलम थिजून बसतं.

पण हा इसबच आहे ना?

सगळं धुणं बदललं आणि खाज तशीच, तर रोगच वेगळा असू शकतो. कडेला लाल, मधे निवळलेलं गोल चक्र असेल तर तो नायटा, म्हणजे बुरशी. इंग्रजांनी जांघेतल्या या बुरशीलाच ‘धोबी इच’ म्हणून परिटाच्या माथी मारलं. तिला मेडिकलमधून आणलेलं मिश्र स्टेरॉइड मलम लावलं की ती वरवर शमते आणि आतून पसरते.

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे आणि घरात दुसरा कुणी तरी खाजवतोय, तर खरूज. तिथे सौम्य धुण्याचा उपयोग नाही. सगळ्या घराने एकाच वेळी औषध घ्यायचं, अंगावरचे कपडे आणि अंथरूण कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायचं, आणि धुता न येणारं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर ठेवायचं. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

ओळख पटवायला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि 2019 पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जाताना लेकराला नेहमी वापरता ती पावडर, मलमं आणि डॉक्टरांचे जुने कागद पिशवीत घाला. आणि तिथून इसब हेच निदान घेऊन आलात, तर घरातल्यांना, शेजारच्या वहिनींना, अंगणवाडीतल्या ताईंना एवढं सांगा की इसब लागत नाही. हे पोर इतरांच्या मांडीवर बसू शकतं, भावंडांच्या पांघरुणात शिरू शकतं.